आमचे उंदीर आक्रमक नव्हते

मे महिन्यात आमच्या चाळीत शिंकल्याबद्दल कुणी कुणाला सॉरी म्हणत नाही. गच्चीवर बेडगी मिरची पसरलेली असते, खालच्या मजल्यावर कुणीतरी धणे भाजत असतं, आणि बाहेरून आलेला माणूस जिन्याच्या पहिल्याच वळणावर ठसका लागून थांबतो. डिलाईल रोडच्या पलीकडे नवी उंच इमारत झाली आहे, तिच्यातले लोक या दिवसांत खिडक्या लावून घेतात. आम्ही उघड्या ठेवतो. आईने यंदाही मसाल्याच्या ऑर्डरी घेतल्यात. गुडघे कुरकुरतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण मसाल्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला चालत नाही. कॉलेजला सुट्टी लागली की मी देठं काढायला तिच्यासमोर बसते, आणि बोटांची आग सुरू झाली की मला हमखास उंदीर आठवतात.

हसा खुशाल. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि माझं एम.एस्सी.चं प्रोजेक्ट घरउंदरांवर होतं. गटारातली घूस नव्हे, चुकचुकत भिंतीकडेने पळणारी चिचुंद्री नव्हे. चिमुकला, करड्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा घरउंदीर. एकाच जातीचे उंदीर दोन वेगवेगळ्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले तर त्यांच्या वागण्यात फरक पडतो का, एवढाच माझा प्रश्न होता. अशा प्रश्नासाठी लोक बेडूक शोधायला घाटात जातात. मला घाटात जाणं परवडण्यासारखं नव्हतं. माझ्याकडे दोन वस्त्या आयत्या होत्या. एक आमची डिलाईल रोडची चाळ आणि दुसरी आत्याची, गिरगावातली फणसवाडी.

बाबा गेल्यावर आईने मसाल्यावर घर चालवलं. बाबा कामाला होते ती कापडगिरणी केव्हाच बंद पडली होती, त्यांच्या पश्चात उरलं ते हे दहा बाय बाराचं घर आणि आईच्या हातची चव. घरात एम.एस्सी.पर्यंत पोचलेली मी पहिलीच. माझ्या गाइड सरांनी सांगून ठेवलं होतं, प्रोजेक्ट चांगलं झालं आणि मेअखेर सबमिट केलंस तर जूनपासून माझ्या हाताखाली सहायकाची जागा आहे, ती तुझी. कॉलेजातली नोकरी! आईने शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. त्या मेमध्ये माझ्या घराचं सगळं लक्ष त्या एका जागेकडे लागलेलं होतं.

आमच्या जिन्याखाली एक अडगळीची खोली आहे. मोडक्या खाटा, कुणाचा तरी पाळणा, गणपतीच्या मखराचे बांबू. तिथे मी माझा खोका ठेवायची. सुताराकडून करून घेतलेला साधा लाकडी खोका, दोन बाजूंना दोन भोकं, आत मूठभर बाजरी आणि शेंगदाणे. उंदराच्या ओळखीच्या जागेत अनोळखी वस्तू ठेवायची आणि तो काय करतो ते बघायचं, एवढंच. पुठ्ठ्याच्या आडोशाला मी पायरीवर बसायची. पुस्तकात लिहिलं होतं की उंदीर रात्रीचे बाहेर पडतात. आमचे दुपारी पडायचे. जेवणं उरकून सगळी चाळ आडवी झाली, रेडिओ बंद झाले, नळाखालची शेवटची कळशी भरून गेली की त्या शांततेत पहिलं नाक पाळण्यामागून दिसायचं.

आईला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. उंदराचं नाव घेतलेलं त्याला कळतं, पिंजरा लावणार म्हटलं की तो पिंजऱ्याकडे फिरकत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणून उंदराला मामा म्हणायचं. मी घरात प्रोजेक्टविषयी बोलायला लागले की आई हातातलं उलथनं वर करायची.

“नाव घेव नको गो. आयकतत ते.”

“आई, त्यांना मराठी कळत नाही.”

“मराठी नसात कळत. मालवणी कळता.”

फणसवाडीत जिन्याखाली नाही, पण मागच्या चौकाला लागून एक बंद खोली होती. तिथे जुनी कपाटं, पूजेच्या सामानाची रिकामी खोकी. आत्याचं घर म्हणजे कापूर, उदबत्ती, धुतलेल्या फरशा. लग्न करून गिरगावात गेल्यावर तिचं मालवणी हळूहळू सुटलं होतं. तिच्या सासूबाई होत्या तोवर ‘डिलाईल रोडची माणसं’ हे शब्द त्या घरात जरा नाक वर करून उच्चारले जायचे, आणि आत्या ते ऐकून घ्यायची. पुढे पुढे तिलाही ती सवय लागली. मी खोका घेऊन गेले की म्हणायची, “आमच्याकडचे उंदीर सभ्य आहेत हो. तुमच्यासारखे दंगेखोर नाहीत.” चेष्टाच होती. पण चेष्टेतही मनातलं थोडं येतंच ना.

आणि निघालंही तसंच. आमच्या चाळीत खोका ठेवला की पुठ्ठ्यामागे मी नीट बसायच्या आत पहिला मामा हजर. सरळ जमिनीवरून चालत यायचा, खोक्याला नाक लावायचा, आत शिरायचा. त्याच्या मागे दुसरा. फणसवाडीत मात्र शुकशुकाट. आठवडे गेले. तिथले उंदीर कपाटाखालून डोकवायचे, खोक्याच्या दिशेने मिशा हलवायचे आणि परत फिरायचे. बाजरी तशीच राहायची. मी आलटून पालटून दोन्हीकडे खोका न्यायची, पिशवीत घालून, डिलाईल रोडवरून गिरगावात आणि गिरगावातून परत. प्रत्येक वेळी तेच.

सर खूश झाले. इतका साफ फरक विद्यार्थ्यांच्या कामात सहसा मिळत नाही म्हणाले. माझा कच्चा मसुदा त्यांनी स्वतः लाल पेनने नीट करून दिला. मी ‘डिलाईल रोडचे उंदीर’ लिहिलं होतं तिथे ‘गिरणी भागातले आक्रमक उंदीर’ झालं. फणसवाडीचे ‘सौम्य’ झाले. आणि एका ठिकाणी त्यांनी समासात लिहिलं, फणसवाडीच्या उंदरांचं वागणं सर्वसामान्य धरावं आणि दुसऱ्या वस्तीचं त्यापासून किती ढळतं ते दाखवावं.

मला तो शब्द खुपला. आमचा उंदीर कुणाला चावला नव्हता, कुणाच्या अंगावर गेला नव्हता, आपसात भांडलासुद्धा नव्हता. तो फक्त पुढे येऊन बघत होता. पण मी तो तसाच राहू दिला, कारण आकडे त्यांच्या बाजूने होते आणि जूनमधली जागाही त्यांच्याच हातात होती. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती मिरच्या भाजत होती. पदराने नाक पुसत म्हणाली, “आक्रमक? कोणाक चावले काय ते?” मग जरा विचार करून, “तिखट खातत ना आमचे. त्येंका सायबान आक्रमक म्हटल्यान असतला.”

ही समजूत एकट्या आईची नव्हती. लालबागच्या कांडपाच्या गिरणीवर मिरची कुटायला गेलं की तिथल्या बायका हेच सांगायच्या, मसाल्याच्या गल्लीतला उंदीर तापट असतो. मी त्या गिरणीत ओळीने बसलेल्या बायका कितीदा पाहिल्यात! डोक्याला फडकी बांधलेल्या, भुवयांवर लाल भुकटी, मशीनच्या धडधडीत एकमेकींशी ओरडून बोलणाऱ्या. आमचा मसाला कुटून झाला की गरम गरमच कापडी पिशवीत भरायचा आणि उराशी धरून घरी आणायचा. पिशवीतून छातीला ऊब लागायची. ती जाड, पिवळट मांजरपाटाची पिशवी आमच्या घरात कशालाही चालायची. मसाल्याला, पावाला, आणि माझ्या खोक्यालाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. मी त्या वासात जन्मले, त्या वासात अभ्यास केला, मला तो वास येतच नव्हता.

सबमिशनला थोडे दिवस उरले होते. शेवटची नोंद घ्यायला फणसवाडीत गेले. मी हात धुवायला आत गेले आणि आत्याने मदत म्हणून पिशवीतून खोका बाहेर काढला. एक शिंक. दुसरी. मग ओळीने शिंका. डोळे पुसत ती म्हणाली, “अगं, वहिनीचा मसाला आणलास का? आधी सांगायचं ना, बरणी धुऊन ठेवली असती.”

मी तिथेच चौकात बसले. खोका नाकाला लावला, काही कळेना. आत्याच्या कपाटातलं धुतलेलं लुगडं मागून घेतलं, त्यात तोंड खुपसून बसले, आणि मग पुन्हा खोका नाकाशी धरला. बेडगी, दगडफूल, भाजलेले धणे. आमचं अख्खं घर त्या लाकडात मुरलं होतं. आमच्या मामांना तो खोका म्हणजे घरातलीच आणखी एक वस्तू होती. आणि फणसवाडीच्या कापराच्या वासात वाढलेल्या जिवांसमोर मी दर वेळी मिरचीचा गोळा नेऊन ठेवत होते आणि वर त्यांना भित्रे ठरवत होते.

सरांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते, घाईत होते. म्हणाले, “अगं, एवढ्याशा वासाने काय होतंय? फरक आहे ना? मग झालं तर.”

“सर, उंदराचं सगळं नाकावर चालतं. हे उंदरांचं वागणं नाही, माझ्या पिशवीचं आहे.”

“ते तळटीपेत टाक. सबमिट कर. नाहीतर ऑक्टोबरला बसावं लागेल, आणि जागा ऑक्टोबरपर्यंत थांबणार नाही. तू ठरव.”

त्या क्षणी मी भ्यायले नव्हते असं म्हणणार नाही. पण त्या कागदावर खाली माझं नाव यायचं होतं. वर्षानुवर्षं कुणीतरी तो कागद उघडणार आणि वाचणार की गिरणगावातला उंदीर स्वभावाने आक्रमक असतो, आणि हे डिलाईल रोडच्याच मुलीने लिहून ठेवलंय. मग उंदरावर कशाला थांबतील लोक? मला चीड आली. अजूनही येते. मी म्हटलं, “ऑक्टोबर, सर.”

घरी येऊन सांगितलं. आईने गॅस बंद केला, जे ती मसाला भाजताना कधीच करत नाही.

“म्हणजे माज्या मसाल्यान घात केल्यान तर?”

“तुझ्या नाही, माझ्या पिशवीने.”

“नोकरी गेली?”

“गेली.”

मला वाटलं आता रडेल, शेजारणींना काय सांगू म्हणेल. तिने गॅस परत पेटवला. “मसालो काय थांबूचो नाय,” ती म्हणाली. “तुज्या मामांका पुन्हा विचारूचा आसा तर विचार. पण नीट विचार.”

मी नीट विचारायचं ठरवलं. सुताराकडून नवे खोके करून घेतले. एक डिलाईल रोडला, तो आईच हाताळणार. एक फणसवाडीला, तो आत्याच हाताळणार. माझे कपडे दोन्ही घरी वेगळे. फणसवाडीत जाऊन मी आधी अंघोळ करायची आणि आत्याचं लुगडं नेसून पुठ्ठ्यामागे बसायची. नणंद-भावजय एकाच प्रयोगात ओढल्या गेल्या आणि मग जे सुरू झालं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. आत्या खोक्यात बाजरी भरताना देवाला नैवेद्य दाखवावा तशी भरायची. आणि सरांनी तिच्या उंदरांना आधी काय म्हटलं होतं हे मी सांगितल्यावर, सौम्य म्हणजे तसे घाबरटच, तेव्हा माझी ही गिरगावकरीण आत्या कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिच्या तोंडून इतक्या वर्षांनी खणखणीत मालवणी बाहेर पडलं.

“भित्रे म्हणता काय? माज्या उंदरांका? त्येका सांग, येऊन बघ म्हणा!”

आणि तिचे उंदीर आले. कापराचा वास असलेल्या खोक्याकडे फणसवाडीचे उंदीर पहिल्याच दुपारी आले. आत्याने तोंडावर पदर दाबून धरला होता, आवाज होऊ नये म्हणून. तिचे डोळे हसत होते.

मग मी एक खोडी केली. फणसवाडीतला कापराचा खोका स्वच्छ पिशवीत घालून आमच्या जिन्याखाली आणून ठेवला. आमचे शूरवीर पाळण्यामागून बाहेर आले, थबकले, मिशा हलवल्या आणि तसेच मागच्या मागे पसार झाले. सगळी दुपार एकही पुढे आला नाही. आई माझ्याशेजारी पायरीवर बसली होती. तिला ते फार लागलं.

“देवळात बसल्यासारका वाटला असतला त्येंका,” ती शेवटी म्हणाली. “सवय नाय ना.”

म्हणजे फरक काहीच नव्हता? होता. हेच मला सगळ्यात आवडलेलं. वास काढून टाकला, भीती काढून टाकली, तरी काहीतरी शिल्लक राहिलं. फणसवाडीचा उंदीर आपल्या घरच्या वासाच्या खोक्याकडेसुद्धा भिंतीला अंग घासत यायचा, खोक्याला मागून वळसा घालायचा, एकटा आत जायचा, आणि तो बाहेर पडल्याशिवाय दुसरा हलायचा नाही. आमचा मधल्या उघड्या जमिनीवरून यायचा आणि एकामागोमाग एक, अंगाला अंग लावून. कितीही वेळा बघा. जात एक, आकार एक, बाजरी एक, आणि तरी चालायची रीत वेगळी.

का? मला माहीत नाही. लोकांना सांगितलं की लगेच उत्तर तयार असतं. चाळीत एका खोलीत इतकी माणसं झोपतात, म्हणून उंदीरही. गिरगावात शिस्त, म्हणून उंदरांनाही. मला या उत्तरांचा राग येतो. उंदराने आपलं रूपक व्हायचा मक्ता घेतलेला नाही. आमच्या गिरणीचा संप, आमची गर्दी, आमचं ओरडून बोलणं त्या चिमुकल्या पाठीवर लादायचं आणि मग तीच पाठ आम्हाला पुरावा म्हणून दाखवायची, हे कुठलं शास्त्र? कदाचित फरशीचा गुळगुळीतपणा असेल. कदाचित मांजर असेल, फणसवाडीत एक गलेलठ्ठ बोका होता. शोधायला हवं. ते शोधायच्या आधी विशेषण लावायचं नाही, एवढं मला कळतं.

नवा मसुदा सरांनी उलटसुलट चाळला. आक्रमक गेलं होतं, सौम्य गेलं होतं, सर्वसामान्यही गेलं होतं.

“मग शेवटी निघालं काय? वेगळे आहेत, एवढंच?”

“हो सर. एवढंच.”

त्यांनी सही केली. जूनमधल्या जागेवर तोवर दुसरा मुलगा रुजूही झाला होता. ऑक्टोबरच्या तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या, बारीक केस, जाड चष्मा. त्यांनी माझं प्रोजेक्ट मिटलं आणि सरळ विचारलं, “यातला नॉर्मल उंदीर कोणता?”

सर माझ्याकडे बघत होते. खिडकीबाहेर परळचं दुपारचं ऊन होतं. माझ्या बोटांना मसाल्याचा वास येत असणार, मला कळण्याचा काही मार्ग नव्हता.

“मॅडम, आमच्या जिन्याखाली आमचा. फणसवाडीत त्यांचा. एकाच्या घरची पट्टी घेऊन मी दुसऱ्याला मोजणार नाही.”

बाईंनी मान हलवली, त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. मार्क बेताचे पडले. नोकरीसाठी पुढे काही वर्षं वणवण करावी लागली, शिकवण्या केल्या, आईच्या मसाल्याच्या पुड्या पोचवल्या, मग दादरच्या कॉलेजात लागले. त्याचं दुःख झालं आणि मी ते लपवलंही नाही. पण ऑक्टोबर निवडल्याचा मला एकदाही पस्तावा झालेला नाही.

यंदा आत्या कांडपाला आली आहे. त्या मेपासून ती दर वर्षी येते, आठवडाभर राहते, शिंकते, आणि जाताना आपल्या वाटणीची बरणी नेते. समोरच्या इमारतीतून परवा कुणीतरी चिठ्ठी पाठवली की गच्चीवरच्या मिरच्यांचा त्रास होतो, काढून घ्याव्यात. आईने ती आत्याला वाचून दाखवायला सांगितली आणि ऐकून झाल्यावर म्हणाली, “उद्या संकेश्वरी मिरची पण घाला वर.” आज तीही गच्चीवर पसरलेली आहे.

दुपारी जेवणं झाल्यावर दोघी गुडघे धरत जिना उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर टेकल्या. आईने पदराखालून खोका काढून पाळण्यासमोर सरकवला, तोच जुना, लाकूड आता मसाल्याने लालसर झालेलं. मला माहीत नव्हतं की ती दर मेमध्ये असा ठेवते. आत्या खुणेने मला म्हणाली, बस.

आम्ही तिघी पाळण्याकडे बघत बसलो. चाळ शांत झाली. नाक दिसलं, मग मिशा, मग तो उजेडात आला आणि त्याने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बघ,” आई माझ्या कानाशी कुजबुजली, “सरळ येता.”